मिनिटे मोजतो कोण?

जळगाव असो की सोलापूर, विमानाने ते किती मिनिटांवर आले याच्या जाहिराती राज्यकर्ते हौसेने करतात. लोहगावचा विमानतळ आणि मांजरी बुद्रुक यांच्यामध्ये मुळा-मुठा आहे. तिच्यावर पूल आहे. खिशातल्या अंतरावर पूल कोणी बांधायचा?

2017 साली ‘उडान’चे पहिले विमान सिमल्याहून दिल्लीला निघाले. तासाभराच्या प्रवासाला, तेही निम्म्याच जागांपुरती, 2,500 रुपयांची भाडेमर्यादा होती. हे म्हणे हवाई चप्पल घालणाऱ्यांसाठी! महालेखापरीक्षकांनी 2023 मध्ये या थाटाचे पितळ उघडे पाडले. तिसऱ्या फेरीपर्यंत वाटलेल्या 774 मार्गांपैकी 403 सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या 371 पैकी सवलतीची तीन वर्षे पुरी केली अवघ्या 112 मार्गांनी. कंपन्यांची तूट भरून देण्याची सोय असतानाही ही गत!

त्याच 2017 साली पुणे–दौंड लोहमार्गावर विजेच्या तारा आल्या. मात्र त्या तारांखालून मांजरीच्या प्रवाशांना पुढे अनेक वर्षे डिझेलच्या डेमूनेच जावे लागले. सकाळच्या पाळीवर निघालेल्या कामगाराची गाडी चुकली, तर बुडालेला रोज त्याच्याच माथी बसतो. त्याची तूट भरून देणारी योजना दिल्लीने अद्याप काढलेली नाही.