थोरली बहीण

रवींद्रनाथांच्या चरित्रात स्वर्णकुमारी देवींचा उल्लेख येतो तो बहुधा नात्यापुरता. सनावळी पाहिली म्हणजे मात्र चित्र पालटते. त्यांची ‘दीपनिर्वाण’ ही कादंबरी १८७६ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा रवींद्रनाथ अवघे पंधरा वर्षांचे होते. त्यांचे पहिले पुस्तक निघाले ते १८७८ साली. ‘भारती’ मासिकाच्या संपादनाची धुरा स्वर्णकुमारींनी १८८४पासून दशकभराहून अधिक काळ वाहिली. रवींद्रनाथ त्याच मासिकाचे संपादक होते ते एक वर्ष. ‘पृथिवी’त (१८८२) त्यांनी विज्ञान बंगालीत आणले.

त्यांची बाजू घेणारेही ‘आद्य लेखिका’ एवढे म्हणून थांबतात. हा मान आहे, वाचन नव्हे. १८९८च्या ‘काहाके’ या कादंबरीत एक सुशिक्षित तरुणी आपल्या प्रेमाची कथा स्वतःच सांगते. ‘कोणाला?’ हा शीर्षकातला प्रश्न तिचाच आहे. वडीलधाऱ्यांनी तो परस्पर सोडवायचा नाही. या कादंबरीचे इंग्रजी रूप १९१३ साली, म्हणजे नेमक्या रवींद्रनाथांच्या नोबेलच्या वर्षी, लंडनहून प्रसिद्ध झाले. जगाचे लक्ष कोणाकडे गेले, हे सांगायला नको.

कलकत्ता विद्यापीठाने १९२७ साली त्यांना जगत्तारिणी पदक दिले. गौरव झाला, तरी ओळख बहिणीचीच राहिली. वंशवृक्ष ही वाङ्मयेतिहासाची अनुक्रमणिका नव्हे. भारतीय कादंबरीच्या अभ्यासात स्वर्णकुमारींना ठाकुरांच्या घराण्यातून नव्हे, तर त्यांच्या ग्रंथांच्या प्रकाशनवर्षातून प्रवेश मिळाला पाहिजे.