चौदावा दिवस

दिवाळी अंकात मरणाचा विषय काढावा का, यावर आमच्या घरी हा लेख लिहिण्यापूर्वीच एक छोटासा परिसंवाद झाला. सौभाग्यवतींचे मत असे पडले, की घरात चकलीची भाजणी दळून आलेली असताना असले अभद्र काही लिहू नये. कन्येचे मत असे, की बाबांनी कुठलाही विषय घेतला तरी त्याचे शेवटी व्याख्यानच होणार. मग विषयावरून वाद कशाला? आई कोपऱ्यात वाती वळत बसली होती. ती म्हणाली, "लिही बाबा. ज्यांच्या घरी यंदा दिवाळी नाही, ती माणसंही अंक वाचतातच ना?" तेव्हा वाचकहो, तक्रार असलीच तर ती आमच्या मातोश्रींकडे करावी.

आईचे म्हणणे खोटे नाही. विरारला आमच्या भोवती आता इमारतीच इमारती आहेत. संध्याकाळी कंदील लागले, की त्या झगमगाटात एखादी गॅलरी काळोखी दिसते. ज्या घरात मृत्यू झाला, त्या घराने वर्षभर सण करायचा नाही, ही रूढी आपल्याला पाठ आहे. पण तिचा दुसरा भागही होता. दुःखाच्या घरी कढई चढत नाही, म्हणून त्या घरच्या मुलांसाठी फराळाचे डबे आप्तेष्टांनी आणि शेजाऱ्यांनी पोचवायचे. पहिल्या दिवशी त्या घरी चूल पेटत नाही, म्हणून पिठलेभात शेजारून यायचा. रूढीचा एक भाग दुःखी माणसाने पाळायचा आणि दुसरा इतरांनी. आपण पहिला भाग काटेकोरपणे पाळून घेतो. दुसरा मात्र सोईस्करपणे विसरतो.

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेले नाही. अकरा वर्षांपूर्वी आमचे अप्पा गेले, तेव्हा ते आले. आणि तेही उशिराच.

अप्पा पहाटे घरीच गेले. घरी मृत्यू झाला, की डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. ते हाती असल्याशिवाय स्मशानात पुढचे काही होत नाही. नेहमीचे डॉक्टर गावाला गेलेले. दुसरे एक सापडले, पण त्यांनी रोगी कधी पाहिलेला नव्हता. ते सही करायला कचरले. या धावपळीत सकाळ उलटली. तेवढ्यात ओसरीवर काका आणि माझा थोरला भाऊ यांची जुंपली. काकांचे म्हणणे, दहावे, अकरावे, बारावे, तेरावे सगळे यथासांग झालेच पाहिजे. दादाचे म्हणणे, अप्पांना हे अवडंबर कधीच रुचले नसते. दोघेही अप्पांच्या वतीने तावातावाने बोलत होते, आणि ज्यांच्या वतीने बोलायचे ते शांतपणे शेजारीच निजले होते! मी मध्यस्थी करीत होतो. वर्गात साठ मुलांना गप्प बसवणारा मी, या दोघांना काही गप्प करू शकलो नाही. शेवटी निम्मे काकांच्या मनासारखे झाले, निम्मे दादाच्या. आणि कुणाचेच समाधान झाले नाही.

पुढे दोनएक महिन्यांनी आई सहज बोलून गेली, "त्यांना डोळे द्यायचे होते. मला दोनदा सांगितलं होतं त्यांनी."

मी चमकलो. "मग तू त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"मला विचारलं कुणी?"

खरेच कुणी विचारले नव्हते. आई आतल्या खोलीत होती. तिच्याभोवती बायका होत्या. कुणी कुंकू पुसत होते, कुणी बांगड्या काढत होते. नवऱ्याची शेवटची इच्छा जिला ठाऊक होती, तिलाच आम्ही निर्णयातून उठवून आत बसवले होते. नेत्रदान साधारण सहा तासांच्या आत व्हावे लागते. आमचे सहा तास ओसरीवरच्या वादविवादात गेले. दोन अंध माणसांना दिसले असते, ते राहिले. ही चूक दुरुस्त करता येत नाही, म्हणून निदान सांगतो आहे.

या आमच्या महाराष्ट्रात हे नवे नाही. महात्मा फुले २८ नोव्हेंबर १८९० रोजी वारले. आपला देह जाळू नये, मिठात घालून पुरावा, अशी त्यांची इच्छा होती. पण वस्तीत दफन करण्यास परवानगी मिळाली नाही आणि दहन करावे लागले. अंत्ययात्रेच्या वेळी टिटवे कुणी धरायचे यावरून वाद निघाला. दत्तक पुत्र यशवंताचा हक्क भाऊबंदांना मान्य नव्हता. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या. त्यांनी स्वतः टिटवे धरले, यात्रेच्या पुढे चालल्या आणि अग्नी दिला. बाईने स्मशानात जायचेसुद्धा नाही, अशा काळातली ही गोष्ट! मी सावित्रीबाईंवर वर्गात कितीदा बोललो आहे. पण माझ्याच घरी आई आतल्या खोलीत होती, हे माझ्या ध्यानात आले नाही.

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. तिथल्या ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा गावात बंद. त्याच महिन्याच्या १७ तारखेला राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसेच करण्यास सांगितले. एवढ्याशा गावाने जे केले, ते तुमच्याआमच्या सुशिक्षित घरांत ठरावाशिवायही व्हायला हरकत नसावी.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की मरणाविषयी घरात बोलावे. लग्नाच्या जेवणात जिलबी की श्रीखंड यावर आपण आठ आठ दिवस खल करतो. आणि ज्या समारंभाला उत्सवमूर्ती बोलू शकत नाही, त्याविषयी मात्र कुणी चकार शब्द काढत नाही! स्वातंत्र्यवीर सावरकर १९६६ साली वारले. आपला देह विद्युतदाहिनीत द्यावा, आपल्यासाठी कुणी दुकाने बंद ठेवू नयेत, हे त्यांनी आधीच लिहून ठेवले होते. फुल्यांचा मार्ग निराळा, सावरकरांचा निराळा. पण मागच्यांना संभ्रमात ठेवायचे नाही, ही काळजी दोघांनीही घेतली.

एक साधा कागद पुरे. नेत्रदान किंवा देहदान करायचे का. विधी करायचे तर कोणते. अग्नी कुणी द्यावा, आणि मुलगी असेल तर तिने का देऊ नये. बँकेची आणि विम्याची कागदपत्रे कुठल्या कपाटात आहेत. एवढे लिहावे आणि घरात सर्वांना वाचून दाखवावे. वाचून दाखवणे महत्त्वाचे, कारण नेत्रदानाचे कार्ड भरले तरी ऐन वेळी संमती घरच्यांचीच लागते. ती दिली, तर नेत्रपेढीची माणसे येईपर्यंत पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा आणि डोके उशीवर थोडे उंच ठेवायचे, इतकेच आपले काम. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, हेही कुणा एकाकडे सोपवून ठेवावे. आणि विधी करायचेच, तर त्यांचा अर्थ कळला पाहिजे. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने अंत्यविधी आणि श्राद्ध मराठीत अर्थ सांगून करण्याची पद्धत घातली आहे. तिथे स्त्रियाही पौरोहित्य करतात. ज्यांना जुने सोडवत नाही आणि न समजता करवतही नाही, त्यांच्यासाठी ही मधली वाट चांगली.

दुसरी गोष्ट भेटायला जाणाऱ्यांची. अप्पा गेल्यावर तेरा दिवस घरात माणूस मावत नव्हता. येणारा प्रत्येक जण विचारी, "कसं झालं हो अचानक?" मग आई पहाटेपासून सगळे सांगे. दिवसातून दहा वेळा! काही जण उपदेश करीत: "देवाला चांगली माणसं आवडतात." काही जण येण्याऐवजी मोबाईलवर हात जोडलेले चित्र पाठवून मोकळे झाले. बहुतेक सर्वांनी जाताना सांगितले, "काही लागलं तर कळवा." आता मला सांगा, दुःखात बुडालेले माणूस काय कळवणार? "उद्या अकराला बँकेत जायचं आहे ना, मी रिक्षा घेऊन येतो," असे म्हणणारा एकच भेटला. तो आमच्या दूधवाल्याचा मुलगा.

आणि मग चौदावा दिवस उजाडला. पाहुणे गेले, सतरंज्या मंडपवाल्याकडे परत गेल्या. दादा नोकरीवर गेला, मी कॉलेजात गेलो. अप्पांनी तीस वर्षे पहाटेची विरार लोकल पकडली होती. निवृत्तीनंतरही आई त्याच वेळी उठे. त्या दिवशीही उठली, आणि करायला काहीच नव्हते.

दुपारी वाडीतल्या मावशी आल्या. वसईत कॅथलिक घरे पिढ्यान्‌पिढ्या आमच्या शेजाराला आहेत, या त्यांपैकीच. त्यांनी 'कसं झालं' विचारले नाही, सांत्वनही केले नाही. हातात मोड आलेल्या वालांचे पातेले होते. "वैनी, माझ्या एकटीच्यानं हे सोलून होत नाहीत," म्हणून त्या आईसमोर फतकल मारून बसल्या. दोघी तासभर वाल सोलत होत्या. मी परतलो तेव्हा आई अप्पांच्या कुठल्याशा फजितीची गोष्ट सांगत होती, आणि सांगता सांगता रडतही होती. पुढच्या गुरुवारी मावशी पुन्हा आल्या. मग वर्षभर दर गुरुवारी. कधी वाल, कधी चिंच, कधी नुसत्याच. मला पुष्कळ उशिरा कळले, की त्यांचा तरुण मुलगा गेला होता. चौदावा दिवस त्यांना ठाऊक होता.

विचार केला, तर सगळ्याच धर्मांनी हे ओळखलेले दिसते. आपल्याकडे तेराव्यानंतर दर महिन्याचे श्राद्ध आणि वर्षश्राद्ध आहे. मुसलमानांत चाळिसावा आहे. ख्रिस्ती लोकांत महिन्याची मिस्सा आहे आणि दरवर्षी २ नोव्हेंबरला मृतांचा दिवस. त्या दिवशी वसईच्या दफनभूमी फुलांनी आणि मेणबत्त्यांनी भरून जातात. दुःख एका पंधरवड्यात संपत नाही. माणसाने पुनःपुन्हा यावे, म्हणून या तिथ्या आहेत. विधी ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे ठेवावे किंवा सोडावे. पण विधी सोडले म्हणून येणेजाणेही सोडले, तर आपण दाणा टाकून टरफल जपले असे होईल. आणि आमच्या इमारतींत तर समोरच्या दारामागे कोण गेले, हेच मुळी लिफ्टजवळच्या फळ्यावर वाचून कळते.

यंदा आषाढात मावशींचे यजमान गेले. त्यांनी सगळे सांगून ठेवले होते. वसईतल्या काही धर्मग्रामांनी शवपेटी सोडून पांढऱ्या कापडात दफन करण्याची जुनी रीत पुन्हा सुरू केली आहे. 'मलाही तसेच मातीत द्या' असे ते म्हणाले होते. कोणते गीत म्हणायचे, हेही ठरलेले. कुणाचा कुणाशी वाद झाला नाही. घरच्यांना निवांतपणे रडता आले. चौदाव्या दिवशी आमच्या आईने, ऐंशीच्या घरातल्या त्या बाईने, वाल भिजत घातले होते. आता दर गुरुवारी ती वाडीत जाते.

हे इथवर लिहिले आणि आईची हाक आली. लाडू, चकल्या आणि करंज्या असा डबा भरून तयार आहे. "लिहिणं पुरे झालं," ती म्हणते आहे, "ऊन चढायच्या आत वाडीत पोचवून ये. आणि लगेच परत फिरू नकोस, थोडा वेळ बस त्यांच्याजवळ."

तेव्हा वाचकहो, मी निघतो. तुमच्याही समोर एखादी काळोखी गॅलरी असेलच.