पूर ओसरला, विहिरी भरल्या, पण किती?

सप्टेंबर २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात सीना नदीने पात्र सोडले. करमाळा, माढा, मोहोळ आणि सोलापूर तालुक्यांतील नदीकाठची गावे पाण्यात गेली, सोलापूर-पुणे महामार्गावरची वाहतूक थांबवावी लागली. त्याच्या दोनच वर्षे आधी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता. त्या यादीत सोलापूर जिल्ह्यातील पाच तालुके होते, आणि करमाळा व माढा त्यांतलेच. पुढच्या उन्हाळ्यात उजनीचा साठा उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेला, म्हणजे मृतसाठ्याचाही मोठा भाग वापरून झाला.

एवढा पाऊस झाला, विहिरी काठोकाठ भरल्या, तेव्हा आता दोन-तीन वर्षे चिंता नाही, असे पुरानंतर बोलले जाते. धरणाच्या बाबतीत त्यात काही तथ्य असू शकते. जमिनीखालच्या पाण्याच्या बाबतीत ते फारसे लागू पडत नाही, आणि त्याचे कारण सोलापूरच्या खडकात आहे.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरले आणि त्यातून दख्खनचा बेसाल्ट तयार झाला. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भूभाग याच खडकावर आहे. थंड होताना प्रत्येक थराचा वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झाला, तर मधला भाग घट्ट, काळा कातळ बनला. वाळूत पाणी कणाकणांमधल्या पोकळीत राहते. कातळात तशी पोकळी नसते. तिथे पाण्याला जागा मिळते ती भेगांत, दोन थरांच्या सांध्यात आणि वरच्या मुरमात.

हा मुरूमही पाण्यानेच घडवला आहे. भेगांतून उतरणारे पाणी लाखो वर्षे कातळ कुजवत राहते. दगड कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटत जातो आणि शेवटी त्याचा मुरूम होतो. काळ्या मातीत सापडणारे चुनखडीचे खडे हीसुद्धा पाण्याचीच करणी: खडकातून विरघळलेला चुना पाणी उडून गेल्यावर मागे राहतो. सोलापूरच्या साध्या विहिरी मुख्यतः या मुरमावर आणि त्याखालच्या भेगाळलेल्या खडकावर चालतात. रस्त्याच्या भरावासाठी एखाद्या माळावरचा मुरूम उचलला जातो, तेव्हा पाणी साठवणारे भांडेच ट्रकमध्ये भरून नेले जाते. पाणलोटाच्या कामांवर खर्च करणारी यंत्रणा याकडे मात्र महसुलाची बाब म्हणूनच पाहते.

भांडे केवढे आहे, याचा हिशेब अवघड नाही. भूजलाच्या सरकारी मूल्यांकनात झिजलेल्या किंवा सच्छिद्र बेसाल्टमधून उपसता येणारे पाणी खडकाच्या आकारमानाच्या साधारण दोन टक्के धरले जाते. म्हणजे पावसाळ्यात विहिरीची पातळी पाच मीटरने वर आली, तर एका एकराखाली जमा झालेले पाणी १०० मिलिमीटर उंचीचे, सुमारे चार लाख लिटर. गंगेच्या खोऱ्यातील गाळाच्या जमिनीत तेवढ्याच चढीला पाचपट पाणी असू शकते. पाटाने दिलेल्या उसाला एकरी २,००० ते २,५०० मिलिमीटर पाणी लागते. त्यात पावसाचा वाटा असतो आणि थोडे पाणी पुन्हा खाली झिरपते, हे धरले तरी एक एकर उसामागे आजूबाजूच्या दहा-पंधरा एकरांखालची वर्षाची भर खर्ची पडते. ती शेजाऱ्यांच्या जमिनीखालची असते, हे कुणाच्या सातबारावर लिहिलेले नसते.

भर तरी किती पडते? जिल्ह्यात वर्षाला साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस. बेसाल्टमध्ये त्यातला सात ते तेरा टक्के भाग खाली उतरतो, असे मूल्यांकनाचे प्रमाण आहे. पाऊस दुप्पट झाला म्हणून झिरप दुप्पट होत नाही. काळी माती भिजली की फुगते, तिच्या भेगा मिटतात आणि पाणी वरून वाहू लागते. खालचे भांडे भरले की उरलेले पाणी ओढ्याला जाते. पुराचे पाणी हे बरेचसे असे जागा न मिळालेले पाणी. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये काठोकाठ भरलेली विहीर एवढेच सांगते की भांडे भरले आहे. भांडे लहान आहे, हे ती सांगत नाही. ते फेब्रुवारीत कळते.

यावर गावोगाव काढलेला उपाय म्हणजे आणखी खोल जाणे. विहिरीत आडवे बोअर, मग उभे बोअर, मग पाणाड्याने दाखवलेल्या जागी आणखी एक. पाचशे फुटांच्या बोअरची आज बातमीही होत नाही. खोलवरच्या सांध्यात पाणी लागते, पण तिथे ते फार सावकाश पोहोचलेले असते. पंप काही महिन्यांत उपसतो ते पुन्हा जमायला किती पावसाळे लागतील, याचा अंदाज बोअर घेणाऱ्याला नसतो. दुसरा परिणाम कमी चर्चिला जातो. बोअरला केसिंग पाइप बहुधा वरच्या मऊ थरापुरताच असतो. त्याखालचे उघडे छिद्र अनेक थर एकमेकांना जोडते आणि वरच्या भेगांतले पाणी त्यातून खाली गळते. शेजारची ४० फुटांची विहीर आटते, तिचा मालकही बोअर घेतो, आणि ही साखळी थांबत नाही. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटर, म्हणजे सुमारे दोनशे फुटांहून खोल विहिरीला ‘खोल विहीर’ ठरवून अधिसूचित क्षेत्रात शेती व उद्योगासाठी तिला मनाई केली आहे. शेतात रात्रीतून उभ्या राहणाऱ्या बोअरच्या गाडीला ते लागू करायचे कुणी, हा प्रश्न तसाच आहे.

नद्यांचे रूपही यातून बदलले. पाऊस थांबल्यावर नदीत जे पाणी वाहते ते बरेचसे काठच्या जमिनीतून पाझरलेले असते. पातळी पात्राच्या खाली गेली की उलटे घडते: नदीच जमिनीला पाणी देऊ लागते आणि कोरडी पडते. सांगोल्याची माण नदी वर्षातला मोठा काळ वाळूचा पट्टा असते. पंढरपूरला वारीत चंद्रभागेला पाणी दिसावे म्हणून उजनीतून सोडावे लागते.

पिण्याच्या पाण्याचे दुखणे याच भेगांशी जोडलेले आहे. वाळूच्या थरातून जाताना पाणी गाळले जाते. भेगेतून ते धावत जाते. उकिरडा, शौचालयाचा खड्डा, शेतातले नत्रखत यांतले घटक त्यामुळे लवकर विहिरीत उतरतात. पूर आलेल्या गावांत पहिला धोका जंतूंचा: बुडालेली विहीर उपसून, ब्लीचिंग पावडर टाकून, तपासणी झाल्यावरच वापरायची असते. दुसरा धोका सावकाश येतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त असलेल्या पाण्यात बाटलीने पाजायचे दूध कालवले, तर तान्ह्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटते आणि त्वचा निळसर दिसू लागते. पाणी उकळून नायट्रेट जात नाही. पाणी आटल्याने ते उलट दाट होते. त्याला रंग, वास, चव काही नसते, म्हणून मचूळ पाण्याविषयी तक्रार होते, नायट्रेटविषयी होत नाही. गावच्या विहिरीचा रासायनिक तपासणीचा अहवाल ग्रामपंचायतीत मागून पाहण्यासारखा असतो.

सरकारी मूल्यांकन उपसा आणि भर यांचे प्रमाण काढते: ७० टक्क्यांपर्यंत सुरक्षित, १०० च्या पुढे अतिशोषित. पण उजनीच्या कालव्याखालच्या गावाला कालव्याचा पाझर मिळतो आणि कालव्यापासून दूरच्या गावाला नाही. दोघांची सरासरी एकाच आकड्यात आली की दुसऱ्या गावाची तहान झाकली जाते. अटल भूजल योजनेत सोलापूरचा समावेश झाला तेव्हा गावपातळीवर पाण्याचा ताळेबंद मांडणे हा तिचा गाभा होता. ताळेबंद भिंतीवर रंगवणे सोपे. त्यावरून उसाचे क्षेत्र ठरवणे अवघड, कारण उसाला कारखाना आहे, हमखास गिऱ्हाईक आहे. जमिनीतल्या ओलीवर येणारी मंगळवेढ्याची ज्वारी भौगोलिक मानांकन मिळवूनही भावाच्या बाबतीत तेवढी खात्री देत नाही. सांगोल्याच्या डाळिंबाने ठिबकवर बरेच साधले, तरी तेल्या रोगाचा फटका तिथे बसतोच.

भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत मोजते. पूर्वहंगामी उसाची लागणही ऑक्टोबरमध्येच सुरू होते. विहिरी सर्वांत भरलेल्या दिसतात त्याच दिवसांत पुढच्या चौदा-पंधरा महिन्यांच्या पाण्याचा निर्णय होतो, आणि मार्चचे मोजमाप येते तेव्हा ऊस गुडघ्याच्या वर गेलेला असतो.