ढोलीतलं बिऱ्हाड

मार्चमधल्या रविवारी आम्ही गगनबावड्याहून करूळ घाट उतरून वैभववाडीत आलो. घाटात दोनदा गाडी थांबवली, पण खरा पक्षी दिसला तो खाली, नापण्याच्या धबधब्याकडे जाताना. उंबरावर एकटाच कवड्या धनेश! मोठी पिवळट चोच, तिच्यावर शिंगासारखा उंचवटा.

"याची बायको कुठाय?" धाकटीने विचारलं.

या दिवसांत ती जुन्या झाडाच्या ढोलीत असते. आत शिरून विष्ठेने आणि चोथ्याने ती तोंड लिंपून घेते. चोच जाईल एवढीच फट उरते. अंडी, पिल्लं, सारं आतच. उडायची पिसंही ती तिथेच गाळते. मग नर आणील तीच रोजी. त्याला कोणी गोळी घातली, तर आतलं बिऱ्हाडही उपाशी मरतं. (अम्मींनी हे ऐकून अब्बांकडे पाहिलं.)

ढोली मिळते ती जाड बुंध्याच्या बेहड्यात, सातविणीत. पण पोकळ झाड फळ्यांना चालत नाही, म्हणून जळणाला आधी तेच जातं.

टपरीवर चहा पिताना एक चाचा म्हणाले, "आमच्या बेहड्यावर धनेश येतो दरवर्षी. पण लाकूडवाला मागतोय झाड."

"चाचा, निदान पिल्लं उडेपर्यंत तरी थांबा," आम्ही म्हटलं.

"बघू," म्हणाले आणि चहाचे पैसे मात्र देऊ दिले नाहीत.