मराठीत विचार करणे हा गुन्हा आहे काय?

दोन महिन्यांपूर्वी आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारच्या वर्गाला एक मुलगी आली. संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी शाळा, आई चार घरची धुणीभांडी करते. एका कंपनीच्या मुलाखतीत तिने प्रोग्राम बरोबर लिहून दाखवला, पण तो इंग्रजीत समजावून सांगताना अडखळली. तिथेच तिचा विषय संपला. ती आम्हाला म्हणाली, "वकीलसाहेब, मी मराठीत विचार करते, तेच चुकतं माझं."

तिचे काय चुकले? काहीही नाही! पण तिला असे वाटावे ही व्यवस्था मात्र पक्की झालेली आहे.

प्रोग्रामिंगची भाषा म्हणजे इंग्रजी नव्हे, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. 'सी' या भाषेचे १९८९ साली प्रमाणीकरण झाले तेव्हा तिच्यात राखीव शब्द होते अवघे ३२. इफ, एल्स, व्हाईल, रिटर्न असले. आमच्या वस्तीतले पोर एका दुपारी ते पाठ करील. अवघड आहे ते वेगळेच. प्रत्येक भाषेची विचार करण्याची स्वतःची रीत असते आणि ती अंगात मुरावी लागते.

शिष्यवृत्तीचे हजार अर्ज आले आहेत आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणारे निवडायचे आहेत असे समजा. सीमध्ये कारकुनासारखे काम करावे लागते. पहिला अर्ज उचला, आकडा बघा, बसत असेल तर बाजूला ठेवा, पुढचा उचला. एसक्यूएल ही माहितीसाठ्याची भाषा अशी नाही. एडगर कॉड यांनी १९७० साली जो सिद्धांत मांडला त्याच्यावर ती उभी आहे. तिथे कसे शोधायचे हे सांगायचेच नसते. साहेबाने कारकुनाला सांगावे तसे 'मर्यादेतले सगळे अर्ज आणा' एवढेच सांगायचे. सीवर हात बसलेला नवखा एसक्यूएलकडे आला की तिथेही एकेक अर्ज उचलत बसतो. काम होते, पण रखडत होते. लिहिलेले एसक्यूएल असते, डोके मात्र सीचे.

आम्ही वकिलीत नेमके हेच केले. मराठी माध्यमातून शिकून आलो. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत. पहिली याचिका रात्रभर जागून लिहिली. आधी मराठीत, मग शब्दाला शब्द लावून इंग्रजीत. आमच्या ज्येष्ठांनी ती वाचली आणि हसले. मराठीत आपल्याला भूक लागते, राग येतो, पैसे मिळतात. माणूस काही करतच नाही, सगळे त्याला होत असते! इंग्रजी वाक्य आधी विचारते, केले कोणी? आमच्या याचिकेत अशिलाला त्रास झाला होता, पण त्रास देणारा सापडतच नव्हता. इंग्रजीत आधी कर्ता शोधायचा हे कळायला आम्हाला तीन वर्षे लागली. अक्कल तीच होती, रीत नवी होती.

बाबासाहेबांकडे पाहा. शाळेत अस्पृश्य म्हणून त्यांना संस्कृत नाकारले गेले, फारसी घ्यावी लागली. पुढे ते संस्कृत शिकले, पालीचा शब्दकोश तयार केला. १९२०च्या 'मूकनायक'मधले त्यांचे मराठी इंग्रजीचे भाषांतर वाटत नाही आणि १९२३ साली प्रसिद्ध झालेला रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ मराठीचे भाषांतर वाटत नाही. ज्या भाषेत लिहायचे त्या भाषेत ते विचार करीत. म्हणून त्यांना मराठी टाकून द्यावी लागली नाही.

आमच्या चळवळीतल्या काही मित्रांचे म्हणणे असते की पोरांना बालवाडीपासून इंग्रजीत घाला, सगळे प्रश्न सुटतील. इंग्रजी हवीच, याबद्दल आमचा वाद नाही. पण गल्लीतल्या इंग्रजी शाळेतून जे पोर बाहेर पडते त्याला धड मराठीत दोन वाक्ये जोडता येत नाहीत आणि इंग्रजीतही नाहीत. ते विचार कशात करणार? नेदरलँडचे संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९७५ साली लिहून ठेवले आहे की गणिताची ओढ तर हवीच, पण चांगल्या प्रोग्रामरचे सर्वात मोठे भांडवल म्हणजे मातृभाषेवरील असामान्य प्रभुत्व. मातृभाषेवरील, इंग्रजीवरील नव्हे! पायथॉन ही भाषा करणारे गिडो व्हॅन रॉसम डच, रुबी करणारे युकिहिरो मात्सुमोतो जपानी, पास्कल करणारे निकलॉस विर्थ स्विस, आणि लुआ तर ब्राझीलमधल्या रिओच्या विद्यापीठात जन्मली. यांच्यापैकी कोणाच्या आईने अंगाईगीत इंग्रजीत गायले होते?

मग मुलाखतीतला इंग्रजीचा सराईतपणा नेमके काय मोजतो? घर मोजतो, शाळा मोजतो, आणि पुष्कळदा जात. सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांचा खासगी नोकऱ्यांच्या अर्जांवरचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. पात्रता सारखी असूनही दलित आडनावाच्या अर्जदाराला बोलावणे येण्याची शक्यता कमी होती. तिथे तर उमेदवाराने तोंडही उघडलेले नव्हते. तेव्हा इंग्रजी सुधारली की दार उघडेल असे आम्ही पोरांना सांगत नाही. खासगी क्षेत्रातील आरक्षणाची लढाई लढावीच लागेल.

हल्ली कोणी म्हणतो, आता यंत्रच प्रोग्राम लिहून देते, शिकायचे कशाला? पण अशिक्षित अशिलाला कोणीही कसलाही कागद वाचून दाखवतो आणि अंगठा घेतो, हे आम्ही न्यायालयात रोज पाहतो.

विहारात दोन जुने संगणक आहेत आणि अकरा मुले. शिकवायला आता तीच मुलगी येते. तिचा नियम असा की आधी तोंडी मराठीत सांगायचे, मग प्रोग्राम लिहायचा, आणि शेवटी तोच इंग्रजीत उभे राहून समजावायचा. गेल्या रविवारी तिने भीमजयंतीच्या वर्गणीची वही मुलांपुढे ठेवली आणि थकबाकीदार शोधायला सांगितले. नववीतला एक पोरगा पान उलटायला लागला तशी त्याच्या शेजारची पोरगी म्हणाली, "पानं कशाला उलटतोस? ज्यांच्या नावापुढं रक्कम नाही ते सगळे, एवढंच लिही."