बसवले किती, चालतात किती?

बिहारमधल्या जहानाबाद जिल्ह्यातलं धरनाई हे गाव जुलै २०१४ मध्ये देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकलं. तीस वर्षांहून अधिक काळ अंधारात काढलेल्या या गावात ग्रीनपीसने दोन भागीदार संस्थांच्या मदतीने १०० किलोवॉटचं सौर मायक्रोग्रिड उभारलं होतं. साडेचारशे घरं, पन्नासेक दुकानं, दोन शाळा, एक आरोग्य केंद्र आणि रस्त्यावरचे दिवे, सगळं त्यावर चालणार होतं. नितीश कुमार उद्घाटनाला आले तेव्हा मात्र गावातल्या काही जणांनी फलक हाती धरून मागणी केली की, आम्हाला ‘असली’ वीज द्या. लवकरच गावात डीपी बसली, सरकारी लाईट आली. ती स्वस्त होती आणि तिच्यावर टीव्ही, फ्रीज, मोटर काहीही चालत होतं. मायक्रोग्रिडवर या गोष्टींना मनाई होती. तीनेक वर्षांत तिथल्या बॅटऱ्या निकामी झाल्या, त्या कोणी बदलल्या नाहीत. पुढे पत्रकार तिथे गेले, तेव्हा त्या आवारात गुरं बांधलेली दिसली.

धरनाईची ही हकिकत सौर ऊर्जेचे विरोधक आनंदाने सांगतात आणि समर्थक टाळतात. दोघांचंही चुकतं. गावकऱ्यांची मागणी रास्त होती. शहरात राहणाऱ्याला हवी तितकी वीज आणि गरिबाला दोन दिव्यांपुरती, ही वाटणी कोणी का मान्य करावी? आणि तो प्रकल्प बंद पडला तो ऊन कमी पडल्यामुळे नव्हे. बॅटरी संपली की नवीन आणायची कोणी आणि पैसे कुठून, याची पक्की सोय नव्हती म्हणून तो बंद पडला.

वादळ, पूर, उष्णतेच्या लाटा यांचा पहिला तडाखा ज्या वस्त्यांना बसतो, त्यांना सौर ऊर्जेने बळ द्यावं यावर आता फारसं दुमत उरलेलं नाही. निधी येतो, योजना निघतात, फीत कापली जाते. पण हिशेब होतो तो बसवलेल्या संचांचा. चालू दिवसांचा होत नाही. या क्षेत्रातला सगळ्यात मोठा दोष हाच आहे आणि तो दुरुस्त करता येण्याजोगा आहे.

सौर पॅनेल ही तशी सोशिक वस्तू. पंचवीस वर्षं सहज टिकते, तिच्यात हलणारा एकही भाग नसतो. धूळ पुसली, झाडाची सावली पडू दिली नाही, तर तिची फारशी तक्रार नसते. तक्रारी सुरू होतात त्या मागच्या खोलीत. लेड ॲसिड बॅटरीत वेळच्या वेळी डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं, ती पूर्ण रिकामी होऊ देऊन चालत नाही, आणि कितीही जपली तरी काही वर्षांत बदलावीच लागते. इन्व्हर्टरमधलं एखादं कार्ड जळतं. उंदीर वायर कुरतडतात. यांतली एकही अडचण अवघड नाही, मात्र प्रत्येक वेळी दोन-चार दिवसांत येऊ शकेल असा माणूस लागतो आणि त्याच्या पिशवीत सुटा भाग लागतो. लिथियम बॅटऱ्या आता स्वस्त होत चालल्या आहेत, त्यांत पाणी घालायचं कामही उरत नाही. तरी माणूस लागतोच.

तो माणूस जिथे नेमला गेला, तिथे काय घडतं हे छत्तीसगडने दाखवलं. जंगलपट्ट्यातल्या या राज्याच्या अक्षय ऊर्जा संस्थेने, ‘क्रेडा’ने, साडेपाचशेहून अधिक प्राथमिक आरोग्य केंद्रांवर दोन-दोन किलोवॉटचे सौर संच बसवले. दोन किलोवॉट म्हणजे फार नाही. पण लसींचा फ्रीज, प्रसूतिगृहातले दिवे, पंखे आणि तपासणीची छोटी यंत्रं यांना तेवढं पुरतं. लस दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते, सर्पदंशावरचं द्रवरूप औषधही तसंच. पावसाळ्यात जंगलातली लाईट जाते तेव्हाच साप बाहेर पडतात, आणि बाळंतपणं काही लाईट बघून होत नाहीत.

दिल्लीच्या ‘सीईईडब्ल्यू’ या संशोधन संस्थेने २०१७ मध्ये छत्तीसगडच्या पंधरा जिल्ह्यांतल्या १४७ आरोग्य केंद्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विजेची टंचाई असलेल्या आणि सौर संच नसलेल्या केंद्रांच्या तुलनेत, सौर संच असलेल्या केंद्रांत महिन्याला जवळजवळ दुप्पट बाळंतपणं होत होती आणि दाखल होणारे रुग्ण दीडपटीहून अधिक होते. एवढ्या तफावतीचं सगळं श्रेय एकट्या पॅनेलला देणं बरोबर नाही. चांगली चाललेली केंद्रं चांगली असण्याला इतरही कारणं असतात. तरीही रात्री दिवा असल्याची खात्री असेल, तर नर्स मुक्कामाला राहते आणि बाईला घरचे दवाखान्यात आणतात, हे समजायला संशोधक असावं लागत नाही.

छत्तीसगडचं वेगळेपण आकड्यात नाही, व्यवस्थेत आहे. दुर्गम पाड्यांत संच बसवताना क्रेडाने देखभालीची उतरंड आधी ठरवली. पाड्यातलाच एक जण पॅनेल पुसणार, बॅटरीत पाणी घालणार. आसपासच्या काही गावांमागे एक तंत्रज्ञ, तो मोटारसायकलवरून फेरी मारणार. त्याच्या वर देखरेख करणारा अधिकारी. घरटी नाममात्र वर्गणी, उरलेला खर्च राज्य सरकारचा. यात डोळे दिपवणारं काही नाही. उद्घाटनाच्या फोटोत तो मोटारसायकलवाला कधी दिसत नाही, पण दिवा त्याच्यामुळे लागलेला असतो.

बांगलादेशातही हेच सूत्र होतं, वाट वेगळी होती. २००३ ते २०१८ या काळात तिथे एक्केचाळीस लाखांवर घरांत छोटे सौर संच हप्त्यांवर पोहोचले. ग्रामीण शक्तीसारख्या संस्थांचा तंत्रज्ञ दरमहा हप्ता घ्यायला दारात यायचा, तेव्हाच संचही तपासून जायचा. संच बंद असेल तर हप्ता कोण देणार? वसुली आणि दुरुस्ती एकाच माणसाच्या गळ्यात असल्याने दुरुस्ती होत राहिली. पुढे ग्रिड गावोगाव गेली, सरकारने फुकट संच वाटायला सुरुवात केली आणि हप्ते थकत गेले. ज्यांनी उधारीवर वीज पोहोचवली, त्या संस्था अडचणीत आल्या. धरनाईत जे एका गावात झालं, ते इथे देशभर झालं. मधल्या पंधरा वर्षांत मात्र कोट्यवधी माणसांनी रॉकेलशिवाय रात्री काढल्या, ही कमाई कोणी पुसू शकत नाही.

महाराष्ट्राकडेही असा एक अध्याय आहे आणि तो आपण जवळजवळ विसरलो आहोत. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात, सातपुड्याच्या कुशीत बिलगाव आहे. नर्मदा आंदोलनातल्या या आदिवासी गावाने केरळच्या ‘पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी’च्या तरुण अभियंत्यांना सोबत घेतलं आणि श्रमदानाने उदई नदीवर छोटा बंधारा घातला. जानेवारी २००३ मध्ये १५ किलोवॉटचा जलविद्युत प्रकल्प सुरू झाला. पाडे उजळले, आंदोलनाच्या जीवनशाळेत दिवा आला. दगड गावाने वाहिले होते, चर गावाने खोदले होते, त्यामुळे बिघाड झाला तर कोणाकडे बोट दाखवायचं हा प्रश्नच नव्हता. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘स्वदेस’ चित्रपटातला गावाने वीज तयार करण्याचा प्रसंग अनेकांना आठवत असेल. त्याची प्रेरणा बिलगावची मानली जाते.

२००६ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराच्या फुगवट्याने तो प्रकल्प बुडवला. बिलगावची वीज गावाच्या हलगर्जीने गेली नाही, ती वरच्या निर्णयाने गेली. दुर्बळ वस्त्यांनी ‘सक्षम व्हावं’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट लक्षात ठेवावी. गाव आपलं काम चोख करतं, तेव्हा ते टिकू देण्याची जबाबदारी राज्याची असते, आणि त्या वेळी राज्याने ती पार पाडली नाही.

आता कोकणाकडे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने शिरलं. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, हजारो विजेचे खांब कोसळले. कित्येक गावांत आठवडे लाईट नव्हती. लाईट नाही म्हणजे विहिरीवरचा पंप बंद, मोबाइलचा टॉवर बंद, पंचनाम्यासाठी तलाठ्याला फोन करायचा तर चार्जिंग नाही. कोरोनाची टाळेबंदी चालू होती, ते वेगळंच.

घरावर सौर पॅनेल असती तर हे टळलं असतं, असं अनेकांना वाटतं. बहुतेक घरांत टळलं नसतं. सरकारी अनुदानावर सध्या छपरांवर जे संच बसतात, त्यांतले बहुतेक ग्रिडला जोडलेले, बॅटरी नसलेले असतात. ग्रिड बंद पडली की ते आपोआप बंद होतात, तसा नियमच आहे. दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या वायरमनला घरातून उलट आलेल्या विजेचा धक्का बसू नये म्हणून. नियम योग्य आहे, पण त्याचा अर्थ असा की वादळानंतरच्या लख्ख उन्हात छपरावरचं पॅनेल निरुपयोगी पडून राहतं. बिल कमी करणारा संच आणि संकटात तारणारा संच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्याला बॅटरी लागते, ग्रिडपासून स्वतःला तोडून चालू राहणारा इन्व्हर्टर लागतो, आणि वाऱ्यात पॅनेल उडू नये अशी पक्की चौकट लागते. प्रत्येक घराला हे परवडणार नाही. गावातल्या एका इमारतीला मात्र परवडू शकतं.

ती इमारत काय करू शकते, हे कॅरिबियनमधल्या पोर्तो रिकोने पाहिलं आहे. डोंगरातल्या अदहुंतास या गावात ‘कासा पुएब्लो’ ही संस्था १९८० पासून आहे. तिचा जन्मच खाणींच्या विरोधातल्या लढ्यातून झाला. १९९९ पासून तिच्या घरावर सौर पॅनेल आहेत. २० सप्टेंबर २०१७ रोजी मारिया चक्रीवादळाने साऱ्या बेटाची वीज तोडली. ती सगळीकडे परत यायला अकराएक महिने लागले. त्या काळात कासा पुएब्लोचा दिवा चालू होता. श्वासाची यंत्रं चालवायला, फोन चार्ज करायला, निरोप धाडायला लोक तिथे येत. संस्थेने हजारो सौर कंदील वाटले. पुढे रुग्णांच्या घरी फ्रीज आणि पॅनेल दिली, न्हाव्याच्या आणि किराण्याच्या दुकानांवर संच बसवले. २०२२ च्या सप्टेंबरात फियोना वादळात बेट पुन्हा अंधारात गेलं, कासा पुएब्लो गेलं नाही. २०२३ मध्ये गावाच्या चौकातल्या दुकानदारांसाठी बॅटरीसह मायक्रोग्रिड सुरू झालं. त्याची मालकी दुकानदारांच्याच ना-नफा संघटनेकडे आहे आणि विजेच्या विक्रीतून देखभालीचा पैसा उभा राहतो. धरनाईत जे राहून गेलं, ते अदहुंतासमध्ये आधी ठरलं होतं.

महाराष्ट्रात सध्या सौर ऊर्जेचा मोठा जोर आहे, आणि ही चांगली गोष्ट आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीला दिवसा वीज मिळू लागली, तर रात्री-बेरात्री साप-विंचवांच्या सोबतीने दारं धरण्याचा शेतकऱ्याचा छळ संपेल. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याने दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के भरायचे असतात. पुरवठादाराला पाच वर्षं दुरुस्तीची हमी द्यावी लागते. ही अट उत्तम आहे. पण पॅनेल पंचवीस वर्षांचं आणि हमी पाचच वर्षांची. सहाव्या वर्षी कंट्रोलर जळाला तर तालुक्याला सुटा भाग मिळणार का, की पंप तसाच उभा राहणार? याचं उत्तर आज योजनेत नाही.

चालू दिवस मोजणं अवघड आहे, ही सबबही आता चालणारी नाही. केंद्र सरकारच्या कुसुम योजनेतल्या सौर पंपांवर दूरस्थ देखरेखीचं उपकरण बसवावं लागतं. पंप किती तास चालला, किती वीज तयार झाली, ही माहिती सर्व्हरवर जाते. पुण्याच्या ‘प्रयास’ या संस्थेने तर बऱ्याच वर्षांपूर्वी देशभरच्या घरांत छोटी यंत्रं बसवून वीज किती तास असते आणि किती व्होल्टेजने येते याची नोंद सगळ्यांसाठी खुली केली होती. एका संस्थेला जमलं, ते राज्य सरकारला जमू नये असं काही नाही. जिल्हानिहाय बसवलेले पंप जसे जाहीर होतात, तसे गेल्या महिन्यात बंद असलेले पंप आणि दुरुस्तीला लागलेले दिवसही जाहीर व्हावेत. ठेकेदाराच्या देयकाचा एक भाग राखून ठेवून, संच जितके दिवस चालेल त्या हिशेबाने दहा वर्षांत विभागून द्यावा. आयटीआय झालेल्या गावातल्या मुला-मुलींना देखभालीचं काम पगारावर द्यावं. आणि किनारपट्टीच्या, पूररेषेतल्या, डोंगरातल्या प्रत्येक गावात निदान एका इमारतीवर, मग ते उपकेंद्र असो की शाळा, बॅटरीसह स्वतंत्र चालणारा संच असावा.

वाचकांपैकी जे गावात राहतात, त्यांना एक विनंती. तुमच्या उपकेंद्रावर, शाळेवर किंवा नळपाणी योजनेवर सौर संच असेल, तर पुढच्या ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा आणि इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. गेल्या महिन्यात तो किती दिवस चालू होता, बिघडला तर फोन कोणाला करायचा, आणि बॅटरी बदलायचे पैसे कोणत्या खात्यात ठेवले आहेत.