गडग्यातली बिऱ्हाडे

कोकणातल्या घराचे अंगण पाहुण्यांसाठी असते आणि परस घरच्यांसाठी. अंगण आपण सारवून, झाडून नीटनेटके ठेवतो. परसात मात्र वर्षानुवर्षे सगळे साठत जाते. जळाऊ लाकडांची रास, माडाच्या वाळलेल्या झावळ्या, आंब्याचा पातेरा, न्हाणीच्या पाण्यावर माजलेल्या केळी आणि अळू, आणि या सगळ्याला हद्द घालणारा जांभ्या दगडांचा गडगा. गडगा म्हणजे दगडावर दगड नुसता रचलेला. ना चुना, ना सिमेंट. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या घरामागचा गडगा आजोबांच्या वेळचा आहे. नोकरीतून मोकळा होऊन मी इथे कायमचा राहायला आलो, त्याला आठ वर्षे झाली. दुपारचा चहा मागीलदारी बसून घेण्याची सवय लागली आणि हळूहळू लक्षात आले, की सातबाऱ्यावर नाव आमचे असले तरी इथे बिऱ्हाडे पुष्कळ आहेत.

गडग्याच्या फटींत उंदीर राहतात. सरडे, पाली, विंचू हेही तिथलेच. आणि त्याच गडग्याच्या केळीकडच्या टोकाला एक धामण राहते. खाणारी आणि खाल्ला जाणारा एकाच भिंतीत कसे, याचे मला पहिल्यांदा फार नवल वाटे. पण दोघांना हवे ते एकच आहे : गारवा, आडोसा आणि आत शिरायला फट. धामण स्वतः बीळ खणत नाही; उंदराने खणलेले बीळ तिला आयते मिळते. उंदीर आहे म्हणून धामण आहे, आणि धामण आहे म्हणून उंदीर बेताचे आहेत. यात सलोखा नाही की वैर नाही. शेजार मात्र आहे.

या शेजाराचे वेळापत्रकही ठरलेले आहे. सकाळी उन्हे वर आली की शिक्रा येतो. तो दिसण्याआधीच खार चिरकू लागते, सातभाई गलका करतात, कोंबडी पिलांना पंखांखाली घेते. बहुतेक वेळा शिक्रा हात हलवत परत जातो. आणि तो गेल्यावर पाच मिनिटांत बुलबुल पुन्हा पपईवर बसलेले असतात! भीती संकटापुरती बाळगायची आणि ते टळले की खाली ठेवायची, ही युक्ती माणसाला साधलेली नाही. दुपारी मुंगूस गडग्याच्या कडेने नाक खाली घालून फिरते. रात्र पडली की मांगराच्या आढ्यावरचे गव्हाणी घुबड निघते. त्याला काळोखाची अडचण नाही, कारण नुसत्या आवाजावरून ते उंदीर नेमका टिपते. भक्ष्य सबंध गिळायचे आणि न पचलेली हाडे-केस यांची गोळी ओकून टाकायची, ही त्याची रीत. सुटीत आलेल्या नातीबरोबर मी अशी एक वाळलेली गोळी काडीने उकलली, तर आत उंदरांच्या तीन कवट्या निघाल्या. रात्रीच्या पहाऱ्याची एवढी चोख पावती दुसऱ्या कोणी दिली नसती.

तरीही घुबड आपल्याकडे अशुभ, आणि भारद्वाज दिसला की दिवस चांगला जाणार! भारद्वाज हाही शिकारीच. गोगलगाई, सरडे तर तो खातोच, पण दुसऱ्या पक्ष्यांच्या घरट्यांतली अंडी आणि पिल्लेही सोडत नाही. धामणीची गत घुबडाहून वाईट. ती म्हशीच्या कासेला लागून दूध पिते, शेपटीचा फटका मारून माणसाला लुळा करते, अशा समजुती अजून ऐकू येतात. वास्तविक दूध ओढून पिता येईल अशी सापाच्या तोंडाची रचनाच नाही, आणि धामण बिनविषारी आहे. पावसाच्या सुरुवातीला दोन धामणी एकमेकींना पीळ घालून उभ्या राहतात, तिला लोक जोडी समजतात. ती बहुधा दोन नरांची झुंज असते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने धामणीला आणि मुंगसाला संरक्षण दिले आहे. पण काठी उचलणाऱ्या हाताला कायद्याआधी आजीची गोष्ट आठवते.

हे सगळे चहाबरोबर पाहायला छान. पण ज्याचे नुकसान होते त्याने काय करायचे? आमच्या घरातच यावर एकमत नाही. गेल्या वर्षी पत्नीच्या कोंबडीने नऊ पिल्ले काढली. मुंगसाने चार दिवसांत त्यातली पाच नेली. अंड्यांचे पैसे हा तिचा हक्काचा पैसा, तेव्हा तिचा संताप खोटा म्हणता येणार नाही. शेजारच्या वाडीतल्याप्रमाणे गडगा काढून चिऱ्याची गिलावा केलेली भिंत घालावी, असे तिने सुचवले. नात परसात खेळते, हे तिचे दुसरे कारण, आणि ते पहिल्यापेक्षा मोठे. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यांत बहुतेक खेड्यांतली. हा आकडा बाजूला सारून निसर्गप्रेमाच्या गोष्टी सांगणे मला तरी जमणार नाही.

पण मग साप मारून टाकले तर? तोही प्रयोग याच मातीत होऊन गेला आहे. १८६२ साली रत्नागिरी जिल्ह्यात सरकारने फुरशांवर बक्षीस लावले, तेव्हा अवघ्या आठ दिवसांत एक लाखाहून जास्त फुरशी मारून आणल्याची नोंद आहे. आज दीडशेहून अधिक वर्षांनीही जांभ्याच्या कातळावर फुरसे आहेच. मारण्याने ते संपले नाही. उंदरांसाठी विष घालावे, तर त्याचा हिशेब आणखी वेगळा. बाजारात मिळणाऱ्या ब्रोमॅडिओलोनसारख्या विषाने उंदीर लगेच मरत नाही. तो काही दिवस झिंगत फिरतो, अलगद घुबडाच्या तोंडी सापडतो आणि ते विष घुबडाच्या पोटात जाते. उंदरांची मादी तीन आठवड्यांत वितेल; घुबडाची जोडी पुन्हा मांगरात येईलच असे नाही. उंदीर वाढले तर नुसती कणगीतल्या भाताची नासाडी होत नाही. पावसाळ्यात चिखलात उतरणाऱ्या शेतकऱ्याला लेप्टोचा ताप येतो, त्याचे जंतू उंदरांच्या मुतातून पसरतात.

शेवटी आम्ही घरात तह केला. घराभोवतीची दहा-बारा पावले जागा झाडून मोकळी केली. लाकडांची रास भिंतीपासून दूर, फळीवर उचलून रचली. धान्य पत्र्याच्या डब्यांत गेले. पिल्ले मोठी होईपर्यंत बारीक जाळीच्या खुराड्यातच राहतात. रात्री बॅटरीशिवाय परसात पाऊल टाकायचे नाही, आणि प्रतिविषाची लस कोणत्या दवाखान्यात मिळते ते भिंतीवर लिहून ठेवायचे, हे नियम नातीलाही पाठ आहेत. या वर्षी दहा पिल्लांतली आठ वाचली. गडगा मात्र जागच्या जागी आहे.

कोकणात आता जमिनीचे तुकडे पडत आहेत आणि प्रत्येक तुकड्याला सिमेंटची भिंत येत आहे. कोणाला हौस, कोणाला हद्दीची भीती. घालणाऱ्याला दोष देता येत नाही. पण एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. उंदीर माणसाच्या मागोमाग गटारातून, छपरातून, धान्याच्या गोणीतूनही येतो. त्याला गडग्याची गरज नाही. धामणीचे तसे नाही. तिला आडोसा लागतो, फट लागते. कुंपण गुळगुळीत केले की शिकारी जातो आणि शिकार तेवढी आपल्या घरात राहायला येते. मुंगसाने नेलेली पिल्ले आपण मोजतो, कारण ती आपली असतात. घुबडाने, धामणीने नेलेले उंदीर कोणी मोजत नाही. परसाचा गडगा पाडायचा असेल तर खुशाल पाडावा, पण आधी एकदा हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडून पाहावेत.